आजारपणानंतर पुन्हा गाडी चालवायची का? हे कोण आणि कसं ठरवतं?

निफाड तालुक्यात गाडी ही हौसेची गोष्ट नाही. घर गावात, मळा दोन-तीन किलोमीटरवर, कांदा लासलगावला, टोमॅटो पिंपळगाव बसवंतला आणि दवाखान्याचं मोठं काम निघालं की नाशिक. या सगळ्याला जोडते ती मोटरसायकल, पिकअप किंवा ट्रॅक्टर. म्हणूनच घरातल्या कर्त्या माणसाला पॅरालिसिसचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली किंवा पायात रॉड पडला, की डिस्चार्जच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो: गाडी कधीपासून चालवू?

उत्तर बहुतेक वेळा घाईत मिळतं. ‘महिनाभर थांबा’, ‘जरा जपून’, ‘बघू पुढच्या वेळी’. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी असते, पथ्य असतं, पुढच्या तपासणीची तारीख असते. गाडीबद्दल क्वचितच काही लिहिलेलं असतं. मग माणूस स्वतःच ठरवतो. एके दिवशी मोटरसायकल बाहेर काढतो, गल्लीत एक चक्कर मारतो, काही झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी थेट हायवेला लागतो.

गल्लीतली चक्कर एवढंच सांगते की गाडी सुरू करता येते आणि थांबवता येते. समोरून ऊसाची बैलगाडी, मागून एसटीचा हॉर्न आणि डाव्या हाताला रस्त्यावर धावत आलेलं पोर, हे सगळं एकाच वेळी घडलं तर काय होईल, हे त्यातून कळत नाही.

लायसन्सवरची तारीख काय सांगते?

फारच थोडं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, वयाची तिशी पूर्ण झालेल्या पण पन्नाशी न गाठलेल्या माणसाचं खासगी वाहनाचं लायसन्स १० वर्षांसाठी मिळतं. ५० ते ५५ या वयात काढलं तर ते साठीपर्यंत आणि ५५ नंतर दर वेळी ५ वर्षांसाठी चालतं. म्हणजे ४८व्या वर्षी नूतनीकरण केलं आणि पन्नाशीत झटका आला, तर पुढची आठ वर्षं कार्डावर सगळं ठीकच दिसणार. दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला ही बातमी आरटीओकडे आपोआप जात नाही.

नवीन लायसन्स काढताना तब्येतीचा प्रश्न दोन कागदांवर येतो. एक, नमुना १: अर्जदाराचं स्वतःचं घोषणापत्र. फिट किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, हात-पाय गमावला आहे का किंवा त्यातली ताकद कमी आहे का, रातांधळेपणा आहे का, आणि शेवटी, गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल असा दुसरा कोणता आजार आहे का, असे प्रश्न त्यात असतात. दुसरा कागद नमुना १-अ, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र. ते व्यावसायिक वाहनासाठी लागतं आणि वय चाळिशीच्या पुढे असेल तर इतरांनाही. नूतनीकरणाच्या वेळीही हेच. हे प्रमाणपत्र अनेकदा दोन मिनिटांत उरकलं जातं, हे लायसन्स काढलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. पण कागद म्हणून त्याचं वजन मोठं आहे. खोटी माहिती देऊन लायसन्स मिळवलं असेल तर ते रद्द होऊ शकतं.

लायसन्सची मुदत शिल्लक असतानाही कायदा पूर्ण गप्प नाही. कलम १६ प्रमाणे, एखादा लायसन्सधारक आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे गाडी चालवायला योग्य राहिलेला नाही असं मानायला सबळ कारण असेल, तर आरटीओ त्याच्याकडून वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतं किंवा लायसन्स रद्द करू शकतं. कलम १८६ प्रमाणे, आपल्या आजाराची कल्पना असताना, त्यामुळे लोकांना धोका होऊ शकतो हे माहीत असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. दंड पहिल्या वेळी १,००० रुपयांपर्यंत, त्यानंतर २,००० रुपयांपर्यंत. रक्कम मोठी नाही. अपघात झालाच तर दवाखान्याची फाइल समोर येते आणि तेव्हा प्रश्न या दंडापुरता उरत नाही.

हात हलायला लागला, म्हणजे झालं का?

पॅरालिसिसच्या झटक्यानंतर घरच्यांचं सगळं लक्ष हातापायांकडे असतं. मूठ वळते का, चप्पल पायात राहते का, जिना चढता येतो का. फिजिओथेरपीने हे सुधारलं की माणूस बरा झाला असं धरलं जातं. गाडीच्या बाबतीत मात्र दुबळा हात हा त्यातल्या त्यात सोपा प्रश्न आहे, कारण तो दिसतो.

न दिसणाऱ्या गोष्टी तीन. पहिली, नजरेचा अर्धा भाग जाणं. डोळे ठणठणीत, चष्म्याचा नंबर तोच, पण मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाल्याने दोन्ही डोळ्यांना एका बाजूचं दिसत नाही. दुसरी त्याहून फसवी. मेंदूच्या उजव्या भागात झटका आला की काही रुग्णांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळ्यांना ती बाजू दिसते, मेंदू तिची दखल घेत नाही. असा माणूस ताटातली डावीकडची भाजी तशीच ठेवतो, दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो आणि विचारलं तर ‘मला सगळं दिसतंय’ म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. पायी चालणारे, सायकलवाले, बंद पडलेला ट्रॅक्टर, शाळेतून सुटलेली मुलं, हे सगळे नेमके डाव्या कडेलाच असतात.

तिसरी गोष्ट म्हणजे विचाराचा वेग. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर कापते. ब्रेक लावायचं ठरवायला अर्धा सेकंद जास्त लागला, तर गाडी साडेआठ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे साधारण एका ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या लांबीइतकी. निफाडच्या थंडीत हे अंतर जास्तच महागात पडतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. अशा पहाटे धुकं पडलेलं असताना रिफ्लेक्टर नसलेली कांद्याची ट्रॉली समोर आली, तर चांगल्या तब्येतीच्या माणसाच्याही हातात फार वेळ नसतो.

खरी तपासणी कशी असते?

जिथे याची पद्धतशीर सोय आहे, तिथे ती दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा खोलीत. डोळ्यांची तपासणी फक्त तक्ता वाचण्यापुरती नसते, नजरेचा पसाराही मोजला जातो. मग मान किती वळते, पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर किती झटकन जातो, हे पाहतात. त्यानंतर कागद-पेन्सिलच्या चाचण्या. एका चाचणीत पानभर विखुरलेल्या ठिपक्यांच्या गटांतून ठरावीक संख्येचे ठिपके असलेले गट खोडायचे असतात. डावीकडचे गट तसेच राहिले, तर तपासणाऱ्याला बरंच काही कळतं. दुसऱ्या एका चाचणीत आकडा, मग अक्षर, पुन्हा आकडा, पुन्हा अक्षर अशा क्रमाने रेघ जोडत जायची असते. वाचायला पोरखेळ वाटतो, पण दोन गोष्टींमध्ये लक्ष अदलाबदल करत ठेवणं हेच गाडी चालवताना सतत करावं लागतं.

दुसरा टप्पा रस्त्यावर, दोन ब्रेक असलेल्या गाडीत. बाजूला प्रशिक्षक, मागे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आधी मोकळा रस्ता, मग चौक, मग गर्दी. कागदावर काठावर पास झालेला माणूस रस्त्यावर उत्तम चालवतो आणि उलटही होतं. त्यामुळे शेवटचा शब्द सहसा रस्त्याचाच असतो. ब्रिटनमध्ये या कामासाठी स्वतंत्र केंद्रं आहेत.

निफाडमध्ये असं केंद्र शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा हे तुकडे वेगवेगळे जमवता येतात. नजरेच्या पसाऱ्याची तपासणी डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात होते, काचबिंदूच्या रुग्णांची होते तीच. लक्ष आणि विचाराच्या चाचण्या न्यूरोलॉजिस्टच्या सांगण्यावरून ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा मानसशास्त्रज्ञ करतात. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे पुनर्वसनाचं काम एका छताखाली चालतं. रस्त्यावरच्या टप्प्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी उत्तम, कारण शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला पुन्हा ‘एल’ पाटीच्या गाडीत बसायला कमीपणा वाटतो. मुलाने बाजूला बसून ‘आप्पा, हळू’ म्हणण्यापेक्षा ते कितीतरी बरं, कारण मुलाकडे ब्रेक नसतो.

नमुना १ मध्ये वर्षानुवर्षे असलेला एक प्रश्न घरीही वापरता येतो: दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरच्या गाडीची नंबर प्लेट वाचता येते का? पंचवीस मीटर म्हणजे साधारण पस्तीस पावलं. चष्मा लागत असेल तर लावून. ही चाचणी नापास झाली तर पुढचं काही बघायची गरज नाही, आधी डोळ्यांचा डॉक्टर.

किती दिवस थांबायचं?

आजारानुसार ठरलेल्या मुदती भारतीय कायद्यात नाहीत. ब्रिटनमध्ये मात्र लायसन्स देणारी डीव्हीएलए ही सरकारी संस्था त्या जाहीर करते. त्या इथे लागू होत नाहीत, पण डॉक्टरांशी बोलताना अंदाज म्हणून उपयोगी पडतात.

तिथे पॅरालिसिसच्या झटक्यानंतर निदान एक महिना गाडी बंद, झटका अगदी काही मिनिटांचा असला तरी. महिन्यानंतर दोष उरला नसेल तरच पुढे. ट्रक-बस चालवणाऱ्यांसाठी हीच मुदत एक वर्ष. हृदयविकाराच्या झटक्यानंतर यशस्वी अँजिओप्लास्टी झाली आणि हृदयाची ताकद चांगली असेल तर एक आठवडा, नाहीतर चार आठवडे. बायपासनंतर चार आठवडे. फिट येणाऱ्यांना कार चालवायची तर सलग १२ महिने एकही झटका आलेला नसावा लागतो. ट्रकसाठी अट फारच कडक आहे: दहा वर्षं झटका नाही आणि त्या काळात त्यासाठी गोळीही नाही.

फिटबद्दल आपल्याकडे दोन चुका होतात. एक, लग्न आणि नोकरीच्या भीतीने आजारच लपवला जातो, मग गाडीबद्दल डॉक्टरांना विचारणार कोण? दुसरी, ‘गोळ्या चालू आहेत, आता काही होत नाही’ म्हणून गाडी सुरू होते आणि नंतर काही होत नाही म्हणून गोळ्याच बंद केल्या जातात. गोळी सोडल्यानंतरचे महिने सगळ्यात धोक्याचे असतात.

शुगरचं वेगळं आहे. गाडी चालवताना वाढलेल्या शुगरपेक्षा अचानक उतरलेली शुगर जास्त घातक. इन्सुलिन घेणारे आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारे यांना हा धोका असतो. पहाटे इन्सुलिन घेऊन, चहावर बाजार समिती गाठणारा शेतकरी, किंवा चतुर्थीचा उपवास पण गोळी नेहमीची, ही अगदी ओळखीची उदाहरणं. ब्रिटनमधला इन्सुलिनवाल्यांसाठीचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: निघण्याआधी दोन तासांच्या आत शुगर तपासा, लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा. ९० च्या खाली असेल तर आधी खा. ७२ च्या खाली गेली तर गाडी नाही, आणि खाऊन शुगर वर आल्यावरही ४५ मिनिटं थांबा, कारण आकडा आधी सुधारतो आणि मेंदू नंतर. गाडीच्या डिकीत ग्लुकोजची पुडी असावी, हे वेगळं सांगायला नको.

गोळ्यांचाही प्रश्न असतो. झोपेच्या गोळ्या, नसांच्या दुखण्यावरची प्रीगॅबालिन, सर्दीची काही औषधं यांनी गुंगी येते. पहिले काही दिवस आणि डोस वाढवल्यानंतर गाडी टाळलेली बरी. द्राक्षबागेत दिवसभर फवारणी करून डोकं जड झालं, नजर धूसर वाटली, तर तोही आजारच समजावा आणि मोटरसायकल दुसऱ्या कुणीतरी आणावी.

कोणता हात, कोणता पाय, कोणती गाडी?

परदेशातली बहुतेक चर्चा कारभोवती फिरते. इथे बहुसंख्य लोक दुचाकीवर असतात, आणि दुचाकीला तोल लागतो. गिअरच्या मोटरसायकलला चारही हातपाय कामाला असतात: उजव्या हाताला अॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, डाव्या हाताला क्लच, डाव्या पायाला गिअर, उजव्या पायाला मागचा ब्रेक. यातलं एक जरी उशिरा चाललं तरी गाडी हलते. बिनगिअरच्या स्कूटरला दोन्ही ब्रेक हातात असतात, म्हणून पाय कमकुवत असलेल्यांना ती सोपी वाटते. पण थांबल्यावर गाडी पेलायची ती पायांवरच. शुगरमुळे तळपाय बधिर झालेल्या माणसाला जमीन नीट लागली की नाही हेच कळत नाही.

कारमध्ये डावा पाय कमजोर असेल तर ऑटोमॅटिक गाडीने बराचसा प्रश्न सुटतो, कारण क्लच उरत नाही. उजवा पाय कमजोर असेल तर ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही अडकतात, तिथे हाताने चालणारी यंत्रणा बसवावी लागते. ट्रॅक्टर सगळ्यात अवघड. क्लच जड असतो, आणि उजव्या पायाखाली दोन ब्रेक असतात, एकेका मागच्या चाकाचा एकेक. रस्त्यावर येताना ते खिळीने जोडायचे असतात. न जोडता एकाच पेडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो. झटक्यातून उठलेल्या माणसाने ‘मळ्यातल्या मळ्यात तर चालवतो’ म्हणून ट्रॅक्टरने सुरुवात करणं म्हणजे सगळ्यात कठीण परीक्षा आधी देणं.

अपंगत्व कायम राहिलं तर?

तर दार बंद होत नाही. कायद्यात पूर्वी ‘इनव्हॅलिड कॅरेज’ असा शब्द होता. २०१९ च्या दुरुस्तीने त्याजागी ‘अडॅप्टेड व्हेइकल’ म्हणजे गरजेप्रमाणे बदल केलेलं वाहन हा शब्द आणला आणि अशा वाहनाचं लायसन्स देण्याची तरतूद ठेवली. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर हे त्याचं गावोगाव दिसणारं रूप. मात्र बदल गॅरेजवाल्याकडून करून घेतला की काम संपत नाही. आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवी, विमा कंपनीला कळवायला हवं, आणि ड्रायव्हिंगची चाचणी त्याच बदललेल्या वाहनावर द्यायची असते.

निफाड तालुक्यातल्या ओझर-पिंपळगावमधून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग पुढे इंदूरला पोहोचतो. तिथल्या विक्रम अग्निहोत्री यांनी लहानपणी विजेच्या धक्क्यात दोन्ही हात गमावले. ते पायाने स्टिअरिंग फिरवून ऑटोमॅटिक कार चालवायला शिकले आणि पाठपुरावा करून २०१६ साली त्यांनी लायसन्स मिळवलं. केरळच्या जिलुमोल थॉमस यांना जन्मतः हात नाहीत. आवाजाच्या आज्ञेवर इंडिकेटर, वायपर चालतील असे बदल केलेल्या कारवर त्यांना डिसेंबर २०२३ मध्ये लायसन्स मिळालं.

इतर बाबतीतही नियम सैल झाले आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर कर्णबधिरांना लायसन्सचा मार्ग मोकळा होऊ लागला आणि २०१६ मध्ये केंद्राने राज्यांना तशा सूचना दिल्या. जून २०२० पासून सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांनाही लायसन्स मिळू शकतं. पूर्वीच्या पिढीत ज्यांना ‘तुम्हाला मिळणारच नाही’ असं सांगून परत पाठवलं गेलं, त्यांनी पुन्हा चौकशी करायला हरकत नाही.

आणि चावी काढून घ्यायची वेळ आली तर?

स्मृतिभ्रंशात ही वेळ येते. ओळखीच्या फाट्यावर चुकणं, गाडीवर नवे पोचे दिसणं आणि ते कसे पडले हे न आठवणं, हिरवा सिग्नल असताना थांबणं, ही लक्षणं घरच्यांना डॉक्टरांच्या आधी दिसतात. चावी लपवली की भांडण होतं, आणि भांडण खरं तर चावीचं नसतं. ज्याने सगळ्या घराला फिरवलं, त्याला आता दुसऱ्याच्या मागे बसायचं असतं. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं आणि कागदावर लिहून दिलं तर मुलांवरचा राग थोडा कमी होतो. त्याच दिवशी पर्यायही सांगितलेला बरा. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मं भाडं, आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मं. निफाड आणि लासलगाव ही दोन्ही मुंबई-भुसावळ मार्गावरची रेल्वे स्टेशनं आहेत. मळ्यापर्यंत एसटी जात नाही, हे खरंच. त्यासाठी शेजारच्या वस्तीवरच्या पोराशी आधीच बोलून ठेवावं लागतं.

आरटीओकडे जायचं ते कसं?

निफाडची वाहनं एमएच-१५ मध्ये येतात आणि कार्यालय नाशिकला पंचवटीत पेठ रोडवर आहे. जाण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून स्पष्ट शब्दांत पत्र घ्यावं: आजार कोणता, शेवटचा झटका कधी आला, आता काय उरलं आहे, कोणतं वाहन चालवायला हरकत नाही, रात्री चालवावं की नाही. ‘फिट’ एवढा एकच शब्द लिहिलेलं पत्र उपयोगाचं नसतं. घोषणापत्रात आजाराच्या प्रश्नाला ‘होय’ लिहावं लागलं तरी अर्ज तिथेच संपत नाही. पुढे तपशील देता येतो आणि त्यासाठीच हे पत्र लागतं.

लायसन्स नाकारलं किंवा रद्द केलं, तर कलम १७ प्रमाणे आरटीओने कारणांसह लेखी आदेश देणं बंधनकारक आहे आणि तो हाती पडल्यापासून ३० दिवसांत त्यावर अपील करता येतं. खिडकीवरून तोंडी ‘होणार नाही’ ऐकून परतलेल्या माणसाकडे अपिलाला जोडायला काहीच नसतं. लेखी आदेश तिथेच मागून घ्यावा.